उशिरा उठणाऱ्यांचा मासा

मासेमारी म्हटलं की पहाटे चारचा गजर आलाच, ही समजूत अमेरिकेतला बास नावाचा मासा दर जानेवारीत खोटी पाडतो. उन्हाळ्यात याच माशासाठी लोक उजाडायच्या आत तळं गाठतात. हिवाळ्यात मात्र जाणकार गडी निवांत उठतो, पोटभर नाश्ता करतो, कॉफीचा दुसरा मग संपवतो आणि अकरा वाजून गेल्यावर घराबाहेर पडतो. कडाक्याच्या थंडीत मोक्याची वेळ दुपारी दोन ते चार. तोवर उन्हानं काठाजवळचं पाणी एखाद-दुसऱ्या अंशानं तापलेलं असतं आणि सगळा खेळ त्या एखाद-दुसऱ्या अंशाचाच. घाई नको, जोर नको, आणि काठावरून गळ टाकणाऱ्याला तर बोटही नको. आळशी माणसाला इतका मानवणारा दुसरा मैदानी खेळ माझ्या तरी पाहण्यात नाही.

मासा उबेत, माणूस गारठ्यात

पुण्यात पारा १० वर उतरला की वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो. बासचा हिवाळाही साधारण त्याच आकड्यापासून सुरू होतो. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी जितकं गार तितकाच तो गार. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, भूकही कमी होते. एकदा पोट भरलं की पुढचे काही दिवस त्याला कशाची पडलेली नसते. पण तो झोपत नाही. मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून बसलेल्यांच्या गळालाही तो लागतो.

आता यातली गंमत पाहा. पाणी सर्वांत जड होतं ४ अंशांना. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर येतं आणि गोठतं, ४ अंशांचं पाणी तळाशी राहतं. म्हणजे बाहेर उणे १५ असताना काठावरचा माणूस काकडत असतो आणि ज्याच्यासाठी तो आला, ते महाशय त्याच्यापेक्षा १९ अंश जास्त उबेत बसलेले असतात. कीव कोणाची करायची?

थंडीत हे मासे विखरून राहत नाहीत, एखाद्या खोलगट जागी गोळा होतात. त्यामुळे दिवसभर काठ पालथा घालूनही हात हलवत परत यावं लागतं, नाहीतर एकाच जागी उभं राहून चार-पाच मासे लागतात. मधला प्रकार फारसा नाही.

काठ निवडायचा तर उत्तरेचा

उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून तळ्याच्या उत्तर काठावर ऊन जास्त वेळ पडतं. शिवाय अमेरिकेतले बोचरे वारे बहुतेक वायव्येकडून येतात, तेव्हा वायव्य कोपऱ्याला आडोसाही मिळतो. धरणाच्या भिंतीला लावलेले दगड दिवसभर ऊन पितात आणि लगतच्या पाण्याला थोडी ऊब देतात. आणि काठ उतरता हवा, चांगला खडा उतरता. गारठलेल्या माशाला लांबवर पोहायचा कंटाळा असतो. उथळातून खोलात जायला दोन वाव अंतर पुरणार असेल तर तो तिथंच मुक्काम करतो. बोटवाले तळ्याच्या मध्यावर वारा खात हिंडत असताना काठावरचा माणूस नेमक्या जागी उभा असतो, हे त्यांना आवडत नाही.

वीज आम्हाला, ऊब माशांना

काही तळ्यांना हिवाळा लागतच नाही. वीजकेंद्राची यंत्रं थंड ठेवायला तळ्याचं पाणी आत घेतात आणि तापवून परत सोडतात. इलिनॉयमधलं क्लिंटन लेक आणि व्हर्जिनियातलं लेक ॲना अणुवीज केंद्रांसाठी, तर कॅन्ससमधलं ला सिग्नी कोळशाच्या केंद्रासाठी. जानेवारीत गरम पाणी सोडतात त्या तोंडाशी वाफा निघत असतात आणि मासे गर्दी करतात. जिथं काठावर उभं राहायला परवानगी असते तिथं माणसंही गर्दी करतात. लेक ॲनाचे तर चक्क दोन भाग आहेत. गरम भाग तिथल्या घरमालकांचा खासगी, गार भाग सगळ्यांचा. पाण्यातसुद्धा पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग!

जानेवारीतला चुकार विक्रम

बासचे गाजलेले विक्रम उन्हाळ्यातले. जॉर्ज पेरीनं जॉर्जियात १०.०९ किलोचा मोठ्या तोंडाचा बास पकडला तो २ जून १९३२ रोजी. मानाबू कुरिता या जपानी माणसानं बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली ती २ जुलै २००९ रोजी. लहान तोंडाचा बास ही याची भावंडजात, तिचा विक्रम ९ जुलै १९५५ चा. मग टेक्सासचा विक्रमी बास कधीचा? २४ जानेवारी १९९२! लेक फोर्कवर बॅरी सेंट क्लेअर हे गृहस्थ क्रॅपी नावाचा तळहाताएवढा मासा पकडायला गेले होते. छोटा जिवंत मासा गळाला लावून खोल पाण्यात सोडला आणि वर आला ८.२५ किलोचा बास. साधलेल्या नेमापेक्षा चुकलेला नेम कधी कधी जास्त देतो, पण त्यावर कोणी शिकवणी लावू नये.

टेक्सास सरकारनंही थंडीचा फायदा उचललेला आहे. हल्ली १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात कोणाला १३ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५.९ किलोच्या वरचा बास मिळाला की तो सरकारला उसना द्यायचा. अथेन्स या गावच्या मत्स्यकेंद्रात तिची (मोठे बास बहुधा माद्याच) अंडी घेतात, पिल्लं वाढवतात आणि आईला परत तळ्यात सोडतात. या योजनेतली पहिली मादी एथेल, २६ नोव्हेंबर १९८६ ला लेक फोर्कवरच सापडलेली, वजन ८ किलो. पुढे ती मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या एका दुकानातल्या मत्स्यालयात राहिली, मुलं तिला बघायला यायची, आणि १९९४ मध्ये ती गेली तेव्हा रीतसर स्मरणसभा भरली.

न हलवण्याची कला

आता कौशल्याची गोष्ट, आणि ती अजब आहे. हिवाळ्यात सर्वांत जास्त चालतं ते माशाच्या आकाराचं खोटं आमिष, जे झटका दिला की पळतं आणि थांबवलं की पाण्यात जागच्या जागी तरंगत राहतं. बुडत नाही, वर येत नाही. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. किती? दहा सेकंद, वीस सेकंद, पाणी फारच गार असेल तर तीस. मनात मोजून पाहा. हात शिवशिवायला लागतात. गारठलेला मासा त्या आमिषाकडे बघत बसतो, बघत बसतो, आणि मग त्याला वाटलंच तर तोंड उघडतो.

पण गार पाणी जड असतं. २० अंशांचं पाणी ४ अंशांवर आलं की त्याची घनता जेमतेम पाव टक्क्याहूनही कमी वाढते, तरी तेवढ्यानंही सप्टेंबरमध्ये गप उभं राहणारं आमिष जानेवारीत हळूच वर चढायला लागतं. म्हणून मंडळी गळावर शिशाची बारीक तार गुंडाळतात किंवा पोटाला शिशाच्या टिकल्या चिकटवतात, घरच्या बादलीत टाकून बघतात, पुन्हा एक टिकली काढतात. बादलीतलं पाणी तळ्याइतकं गार हवं, नाहीतर सगळी मेहनत वाया.

असल्या आमिषांचा एक मूळपुरुष फिनलंडचा. लाउरी रापाला यानं १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा मुलामा दिला. अमेरिकेत त्याचं नशीब उघडलं ते ऑगस्ट १९६२ मध्ये, ‘लाइफ’ साप्ताहिकातल्या लेखानं. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंकावर उड्या पडल्या आणि मन्रोला बघायला आलेल्यांनी माशाचाही लेख वाचला.

डुकराची कातडी आणि इवलासा तुकडा

रबरी आमिषं थंडीत ताठरतात. डुकराच्या कातडीचा खारवलेला तुकडा मात्र लवचिक राहतो, म्हणून केसाळ गळामागे तो लावायची जुनी चाल होती. विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट ॲटकिन्सन गावच्या अंकल जॉश कंपनीनं १९२० च्या दशकापासून हे तुकडे बरण्यांत भरून विकले. सुरुवात कशी झाली? तर म्हणे दोघा मित्रांच्या जवळचे बेडूक संपले! पुढे त्या बरण्या बंद झाल्या. जुने लोक उरलेल्या बरण्या अजून जपून वापरतात.

उलट टोक म्हणजे नेड केडी. कॅन्ससचे हे मासेमारी-लेखक. बोटभर रबरी काडी कापून, भूछत्रासारख्या डोक्याच्या जेमतेम पावणेदोन ग्रॅमच्या गळाला लावायची आणि तळावरून सावकाश ओढायची, एवढीच युक्ती. दिसायला काहीच नाही. पण गार पाण्यातला बास मोठ्या घासाकडे पाठ फिरवतो आणि हे बारकं काहीतरी उचलतो. आज हे आमिष त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

शॅडचे वाईट दिवस

थ्रेडफिन शॅड नावाचा चंदेरी मासा दक्षिणेतल्या तळ्यांत बासचं मुख्य खाद्य. त्याला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी ७ अंशांच्या खाली उतरलं की तो लटपटतो, आणखी उतरलं की थवेच्या थवे मरतात. मरता मरता तो अंग वेडंवाकडं थरथरवत खाली जातो. खाली बास तोंड उघडून बसलेला असतो, बिनकष्टाचं जेवण. अशा दिवशी काठावर मेलेले शॅड दिसले की हुशार माणूस आमिष ओढतच नाही, नुसतं खाली पडू देतो.

कड्यांमधला बर्फ

शून्याखाली खरा शत्रू मासा नव्हे, रॉडच्या कड्या. रीळ फिरवलं की तंगुसाबरोबर पाणी वर येतं, कडीत थेंब अडकतो, गोठतो. पुढच्या फेकीत त्याच्यावर दुसरा थेंब. दहा-बारा फेकींत टोकाकडची कडी काचेच्या मण्यानं बंद होते आणि तंगूस तिथंच करकचून अडकतो. उपाय घरगुती: ओठांना लावायचं मलम, स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा, किंवा रॉडचं टोक पाण्यात बुडवून बर्फ वितळू देणं. विणलेली दोरी पाणी जास्त धरते म्हणून थंडीत नकोशी. फ्लुरोकार्बनचा तंगूस त्या मानानं कोरडा राहतो.

मोठमोठ्यांनाही हे चुकत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या लेक हार्टवेलवर बासमास्टर क्लासिक ही नामांकित स्पर्धा होती. पहिल्या सकाळी इतकं गोठलं की बोटी सोडायलाच उशीर केला. जिंकला तो तिथलाच केसी ॲशली, वडिलांनी घरी ओतून बनवलेल्या आमिषावर. बक्षीस तीन लाख डॉलर!

काठाशीच बर्फाची पातळ पट्टी असेल तर आमिष बर्फावर फेकायचं आणि हळूच ओढत कडेवरून पाण्यात टपकवायचं. त्या पट्टीवर पाय मात्र ठेवायचा नाही.

हात शेकायला खिशात ठेवतात त्या गरम पुड्यांचं रहस्य असं की आतलं लोखंड गंजतं. लोखंडाचा भुगा, मीठ, कोळसा आणि थोडं पाणी. पाकीट फोडलं की हवा लागते आणि गंजता गंजता ऊब निघते. जपाननं १९७० च्या दशकात हे घरोघरी नेलं. गंजण्याचा इतका चांगला उपयोग दुसरा नसावा.

लागला तर काय?

हिवाळ्यातला बास झटका देत नाही. तंगूस किंचित जड वाटतो, किंवा ताणलेला असताना उगाच सैल पडतो. बधिर बोटांना ते कळायला हवं, म्हणून लोक हातमोज्यांची टोकं कापतात. मासा बाहेर काढल्यावर फोटोसाठी फार रेंगाळायचं नाही. शून्याखालच्या हवेत त्याचे ओले कल्ले आणि डोळे गोठू शकतात. बर्फावर ठेवू नये, हात ओला करून धरावा आणि लगेच सोडावा.

त्याचं वय मोजायचं तर कानातल्या हाडाकडे बघतात. हिवाळ्यात वाढ खुंटते आणि तिथं एक वळं उमटतं, झाडाच्या खोडात दिसतं तसंच. पहिलं वळं सगळ्यांत अवघड. उन्हाळ्यात नीट न वाढलेलं पिल्लू चरबीच्या तुटपुंज्या शिदोरीवर पहिली थंडी काढू शकत नाही.

शेवटी न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. तिथलं मासेमारीचं लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं, त्यामुळे १ जानेवारीला जुन्या लायसन्सवर काठावर उभं राहिलात तर पंचाईत. सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशांना ते लागत नाही, पण मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेले आजोबा रहिवासी धरले जात नाहीत. त्यांच्या हाती थर्मास द्यावा. तसेही ते जानेवारीत कुठले यायला, त्यांचं तिकीट मे महिन्याचं असतं.