कूटकिल्ल्यांची राखीव प्रत व त्यांचे स्थलांतर

कूटलेखनाचे सामर्थ्य पद्धतीच्या गुप्ततेत नसून किल्लीच्या गुप्ततेत असावे, हा सिद्धान्त ऑग्यूस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये मांडला. त्याची दुसरी बाजू मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. किल्ली नष्ट झाली म्हणजे माहिती चोरास जशी अगम्य होते, तशीच ती तिच्या धन्यासही अगम्य होते.

आपल्या भागात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कृष्णेच्या महापुराने सांगली शहरास २००५, २०१९ व २०२१ या वर्षी ग्रासले. तेथील एखाद्या पतसंस्थेने किंवा रुग्णालयाने आपल्या कूटबद्ध डेटाबेसची राखीव प्रत साताऱ्यास ठेवली, असे क्षणभर मानू. मूळ यंत्र पाण्यात गेल्यावर ती प्रत साताऱ्याच्या यंत्रावर वाचता येईल काय? एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या प्रणालीत किल्ल्यांची उतरंड असते. सर्वांत वर संपूर्ण सर्व्हरची मुख्य किल्ली. ती त्या यंत्राशी व सेवेच्या खात्याशी निगडित असते. तिच्याखाली प्रत्येक डेटाबेसची मुख्य किल्ली, तिच्याखाली प्रमाणपत्रे, आणि शेवटी प्रत्यक्ष माहिती कूटबद्ध करणाऱ्या सममित किल्ल्या. राखीव प्रतीत यांपैकी काय उतरते, यावर सर्व काही अवलंबून आहे.

केवळ काही स्तंभच कूटबद्ध केले असतील, तर डेटाबेसची मुख्य किल्ली, प्रमाणपत्र व सममित किल्ली ही तिन्ही त्या डेटाबेसमध्येच असल्यामुळे प्रतीबरोबर जातात. मात्र नव्या सर्व्हरला ती मुख्य किल्ली आपोआप उघडता येत नाही. प्रथम ती परवलीच्या शब्दाने उघडावी लागते, व नंतर तिला नव्या सर्व्हरच्या मुख्य किल्लीचे संरक्षण जोडावे लागते. परवलीचा शब्द हरवला असेल, तर प्रत शाबूत असूनही निरुपयोगी ठरते.

संपूर्ण डेटाबेस पारदर्शक कूटलेखनाखाली असेल, तर स्थिती अधिक बिकट असते. ज्या प्रमाणपत्रावर ते कूटलेखन अवलंबून असते, ते 'मास्टर' नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहते. सबब ते प्रतीत येत नाही. प्रमाणपत्र व त्याची खासगी किल्ली यांची स्वतंत्र फाइल जतन केलेली नसेल, तर ती प्रत नव्या सर्व्हरवर पुनःस्थापितच होत नाही.

संपूर्ण डेटाबेस न हलविता कूटबद्ध नोंदी एका डेटाबेसमधून दुसऱ्यात न्यावयाच्या असतील, तर तेथे तीच सममित किल्ली पुन्हा निर्माण करावी लागते. त्यासाठी मूळ बीजवाक्य, ओळखमूल्य व गणनविधी ही तिन्ही तंतोतंत सारखी हवीत. येथे आणखी एक खाच आहे. २०१७ च्या आवृत्तीपासून बीजवाक्यावरील संस्काराची रीत बदलली. त्यामुळे २०१६ वा त्यापूर्वीच्या आवृत्तीत निर्माण केलेली किल्ली, बीजवाक्य तेच असूनही, नव्या आवृत्तीत आपोआप जुळत नाही. बीजवाक्याची नोंदच नसेल, तर जुन्या ठिकाणी माहिती उलगडून नव्या किल्लीने ती पुन्हा कूटबद्ध करणे, हाच मार्ग उरतो.

आता स्थळाविषयी. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर असल्यामुळे सांगलीच्या पुरापासून ते दूर आहे. तथापि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप स्मरता, एकाच प्रदेशातील दोन ठिकाणांवर संपूर्ण भिस्त ठेवणे योग्य नव्हे. तिसरी प्रत या प्रदेशाबाहेर असावी. शिवाय किल्लीची फाइल, तिचा परवलीचा शब्द आणि माहितीची प्रत ही एकाच कपाटात ठेवू नयेत. तसे केल्यास कूटलेखनाचा हेतूच विफल होतो.

सारांश, माहितीची प्रत घेतली म्हणजे किल्लीची प्रत घेतली, असे समजता येत नाही. किल्ली बदलली, सर्व्हर बदलला वा आवृत्ती बदलली की नवी प्रत घ्यावी, आणि दुसऱ्या यंत्रावर ती उघडून एखादी नोंद प्रत्यक्ष वाचून पाहावी. ही कसोटी पावसाळ्यापूर्वी झालेली बरी. पुरात मूळ यंत्र गेल्यावर ती घेण्यास अवसर उरत नाही.