प्रकाशाला आवर घालणाऱ्या दोन काचा

छायाचित्रकाराला प्रकाश कमी पडतो, ही तक्रार जुनी आहे. प्रकाश फार होतो, ही तक्रार त्यामानाने कमी ऐकू येते; पण चलच्चित्रण करणाऱ्याला ती भर दुपारी हमखास भेडसावते. काशीच्या घाटावर लख्ख उन्हात वल्ही मारणाऱ्या नावाड्याचे चित्रण करावयाचे आहे, असे समजू. मागची गर्दी धूसर राहावी आणि नावाड्याचा चेहरा तेवढा स्पष्ट उमटावा, म्हणून भिंगाचे छिद्र मोठे, एफ २.८ इतके, ठेवावे लागते. सेकंदाला २४ चित्रे घेताना प्रत्येक चित्राला साधारण १/५० सेकंद प्रकाश द्यावा, असा प्रघात आहे. त्याहून फार कमी दिला, तर वल्ह्याची गती तुटक, झटके खाणारी दिसते. परंतु संवेदनक्षमता १०० असताना अशा उन्हाला एफ १६ छिद्र आणि १/१०० सेकंद एवढे पुरते. हिशेब मांडला तर हवा त्याच्या ६४ पट प्रकाश आत शिरतो. चेहरा पांढराफटक पडतो, आणि तो मागाहून कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

यावर साधा उपाय करड्या काचेचा. रंगात फरक न करता केवळ प्रकाश घटविणाऱ्या या काचेला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. पण ती एकाच मापाची असते. सूर्यापुढे ढग आला की काच काढा, दुसरी बसवा, आणि तोवर नाव पुढे निघून गेलेली! म्हणून कडी फिरवून हवा तेवढा काळोख करता येणारा फिल्टर निघाला. त्यात करडी काच नसतेच. एकापुढे एक बसविलेले दोन पोलरायझर असतात.

साध्या प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी आंदोलत असतात. पोलरायझर त्यांपैकी एकाच दिशेचे आंदोलन पार होऊ देतो. असा प्रकाश ध्रुवित झाला, असे म्हणतात. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन लुई माल्यूस या शास्त्रज्ञाने लक्झेंबर्ग प्रासादाच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारे मावळते ऊन आइसलँड स्पार या स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरविताना त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांचे तेज कमीअधिक होऊ लागले. काचेवरून वा पाण्यावरून उसळणारा प्रकाश बराचसा ध्रुवितच असतो, हे त्यातून कळले. दोन पोलरायझरांमधील कोन वाढला की पार होणारा प्रकाश त्या कोनाच्या कोज्येच्या वर्गाप्रमाणे घटतो, हा नियमही त्याच्याच नावाने ओळखला जातो. स्फटिकाऐवजी स्वस्त, पातळ ध्रुवक पत्रा मात्र एडविन लँड याच्या खटपटीने विसाव्या शतकात हाती आला. १९२९ मध्ये त्याने त्यासाठी पेटंटचा अर्ज केला.

सारी गोम त्या वर्गात आहे. पहिली काच निम्मा प्रकाश आधीच अडविते. पुढे कडी शून्यापासून ४५ अंशांपर्यंत फिरविली, तरी उरलेला प्रकाश केवळ निम्म्यावर येतो. आपल्या नावाड्यासाठी लागणारा ६४ वा हिस्सा सुमारे ८० अंशांवर मिळतो. आणि तेथून अवघे पाच अंश पुढे सरकले की त्याचाही चौथा हिस्सा राहतो. म्हणजे काळोखाचा बहुतेक साठा कडीच्या अखेरच्या कोपऱ्यात असतो. बोटाचा किंचित धक्काही तेथे महागात पडतो.

आणि दोषही तेथेच डोके वर काढतात. रुंद दृष्टिक्षेपाच्या भिंगात कडेचे किरण तिरपे येतात; त्यांच्या दृष्टीने दोन काचांमधला कोन मधल्या किरणांसारखा राहत नाही. परिणामी चित्रावर फुलीच्या आकाराची काळी छाया पसरते. शिवाय आडव्या झालेल्या काचा सर्व रंगांना सारख्याच काटेकोरपणे रोखीत नाहीत, आणि चित्रावर परकी झाक चढते. म्हणून काही फिल्टरांच्या कडीला थोडे अलीकडेच अडसर ठेवलेले असतात. ही मर्यादा म्हणजे कारागिराचा शहाणपणा समजावा. जाहिरातीत मोठा आकडा छापणाऱ्यापेक्षा तो बरा. फार काळोख हवा असेल, किंवा भिंग फार रुंद असेल, तेथे साधी करडी काचच विश्वासाची.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बहुतेक फिल्टरांत फिरणारी काच पुढची असते. दृश्याचा प्रकाश प्रथम तिच्यावरच पडतो. ढग आला म्हणून कडी फिरवावी, तर प्रकाशाबरोबर गंगेच्या पाण्यावरची चकाकीही बदलते: एका क्षणी पृष्ठभाग चांदीसारखा, दुसऱ्या क्षणी हिरवट आणि आरपार. निळ्या आकाशात एकीकडे गडद पट्टा उमटतो. इंद्रधनुष्य असेल, तर त्याचा तुकडा नाहीसाही होऊ शकतो. म्हणून चित्रण चालू असताना कडीला हात न लावता, दोन दृश्यांच्या मधल्या अवकाशात ती फिरवावी, आणि नजर चेहऱ्याच्या उजेडाबरोबर पाण्यावरही ठेवावी.