न दिसणारी धूळ

घरात उन्हाचा कवडसा आला, की त्यात धूळ नाचताना दिसते. ती नाकातल्या केसांत अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. पण हवेत याहून बारीक धूळ असते. तिचे २५-३० कण शेजारी शेजारी ठेवले, तर केसाएवढी जाडी होते. मोटारींचा धूर, ओतकामाच्या भट्ट्या, पेटवलेला कचरा, पेटवलेला उसाचा पाला, यांतून ती निघते. ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथून काही कण रक्तातही उतरतात.

मग काय होतं? भिंत विटांची, तसं शरीर बारीक पेशींचं. पेशीत एक लेख असतो. पेशीनं कोणतं काम करायचं, ते त्यात असतं. हा लेख मुलाला आईबापांकडून मिळतो. 'खाण तशी माती' म्हणतो, ते यामुळंच. त्यातल्या एकेका ओळीला जनुक म्हणतात.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. 'मळा' लिहिताना काना एक अक्षर आधी पडला, तर 'माळ' होतो. बागायत गेली, कुसळं आली! धुळीला चिकटलेली विषं पेशीतल्या लेखात अशाच चुका करतात. पुष्कळशा चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. पण रोज धूर छातीत गेला, तर काही राहून जातात. त्या साठल्या, की पेशी भलतीच वाढू लागते. तोच कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१३ साली दूषित हवेला कर्करोगाचं कारण ठरवलं.

चूक बापाच्या बीजातच झाली तर? कॅनडात हॅमिल्टन शहरी पोलादाचे कारखाने आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांच्याजवळ उंदीर ठेवले. काही उंदरांना गाळलेली हवा दिली. २००४ साली निष्कर्ष छापून आला. गाळलेल्या हवेतल्या उंदरांच्या पिलांत अशा चुका जवळजवळ निम्म्यानं कमी होत्या. हा प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांवरचा नव्हे. तरी सावध व्हायला तो पुरेसा आहे.

केंद्र सरकारनं २०१९ साली हवा सुधारण्याची योजना काढली. तीत कोल्हापूरचंही नाव आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आपलीच पोरं कामाला जातात. तेव्हा हा प्रश्न एकट्या शहराचा नाही.

साध्या रुमालानं ही धूळ अडत नाही. ती निघते तिथंच थांबवावी लागते. म्हणून पाला पेटवू नका, सरीतच कुजवा. खत होईल. गुऱ्हाळाच्या चुलवाणात टायर, प्लॅस्टिक घालू नका. कचऱ्याला काडी लावू नका. गाडी उभी असली, की इंजिन बंद करा. पोरांच्या वाट्याला स्वच्छ हवा येऊ द्या.