फेन्सवरचा आकडा आणि लाकडावरचे माप

टेबल-करवतीवर फळी उभी चिरावयाची असली म्हणजे तिची रुंदी ठरविते ती पात्याशेजारी समांतर उभी असलेली धातूची पट्टी. तिला फेन्स म्हणतात. फेन्स पुढच्या रुळावरून सरकवायची आणि रुळावर चिकटविलेल्या टेपवर रेघ पाहून माप धरायचे, ही नेहमीची रीत. डोळा जरा बाजूला गेला की रेघही सरकल्यासारखी दिसते आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. ही अडचण दूर करण्यासाठी फेन्सला अंकदर्शक, म्हणजे डिजिटल रीडआउट, बसवितात. तो चालतो कसा आणि त्याच्यावर विसंबावे किती, या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे करू.

एका प्रकारात रुळालगत चुंबकीय पट्टी लावतात. तिच्यावर उत्तर व दक्षिण ध्रुव ठराविक अंतराने आळीपाळीने उमटविलेले असतात. फेन्सबरोबर सरकणारा वाचक हे बदल मोजतो आणि दोन ध्रुवांमधील जागेचेही बारीक भाग पाडतो. दुसऱ्या प्रकारात विद्युत्-धारकतेचा उपयोग करतात. डिजिटल कॅलिपरमध्ये बहुधा हीच युक्ती असते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. वाचकाला पाते दिसत नाही. फेन्स किती सरकली एवढेच त्याला कळते. शून्य कोठे, हे आपणच त्याला सांगावे लागते.

बसविताना पहिले काम वीजजोड काढण्याचे. नंतर फेन्स टेबलावरील मायटरच्या खाचेशी समांतर आहे की नाही ते पाहावे व पातेही त्याच खाचेशी ताडून घ्यावे. हे बिघडलेले असेल तर अंकदर्शक ते सुधारीत नाही. पट्टी रुळाशी समांतर व सलग बसवावी. वाचक आणि पट्टी यांतील फट सर्व लांबीभर सारखी ठेवावी. वाचक फेन्सच्या अंगाला घट्ट जोडावा. तो डुलत असला, तर फेन्स हलते व आकडा मागे राहतो.

आता शून्य. बंद पात्याचा, फेन्सकडे झुकलेला एक दात निवडावा, फेन्स त्याला अलगद टेकवावी आणि खटका आवळून शून्य धरावे. दाबून टेकविले तर पाते लवते व शून्यच खोटे पडते. नंतर टाकाऊ फळीचा एक तुकडा कापून तो कॅलिपरने मोजावा. आकडा आणि तुकडा जुळले नाहीत तर तुकडाच खरा मानावा, आणि शून्य त्याप्रमाणे दुरुस्त करावे. पाते बदलले की हा विधी पुन्हा करावा, कारण पात्यांची जाडी सारखी नसते. आकडा वाचावयाचा तोही खटका आवळल्यावरच.

जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० साली एक तत्त्व मांडले: मोजपट्टी ही मोजावयाच्या वस्तूच्याच रेषेत असावी. आपल्या करवतीवर तसे नसते. पट्टी पुढच्या रुळावर, तर काप मागे पात्यापाशी. हे अंतर ४०० मिलिमीटर धरले आणि खटका आवळताना फेन्स अंशाच्या दहाव्या भागाने तिरपी झाली, तर पात्यापाशी सुमारे ०.७ मिलिमीटरची चूक होते. आकड्यात तिचा मागमूसही नसतो. दर खेपेस तेवढीच तिरपी झाली असती, तर शून्य धरतानाच ही चूक जिरली असती. पण ढिली फेन्स दर खेपेस निराळी बसते. शिवाय तिचे मागचे टोक पात्याकडे वळले तर लाकूड पात्यात चिमटते आणि उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून समांतरता हा केवळ मापाचा प्रश्न नव्हे, जिवाचाही आहे.

मग लाभ कोणता? मुख्य लाभ पुनरावृत्तीचा. कपाटाची एक फळी बिघडली आणि आठवड्याने तेवढीच दुसरी हवी झाली, तर टिपून ठेवलेला आकडा तिला पहिलीच्या जोडीला आणून बसवितो. दुसरा लाभ मापांच्या भाषांतराचा. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापांचा मार्ग खुला झाला, तरी आमचे सुतार अजून इंच आणि सूत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. अंकदर्शकावर कळ दाबली की एका मापाचे दुसरे होते, आणि डोक्यातील भागाकाराची चूक टळते.

परंतु लाकूड हे पोलाद नव्हे. सागाच्या ३०० मिलिमीटर रुंद फळीतील ओल चार टक्क्यांनी वाढली, तर ती सुमारे एक-दोन मिलिमीटर फुगते. उन्हाळ्यात शतांश मिलिमीटरपर्यंत जुळविलेले दार पावसाळ्यात अडकते, ते यामुळेच. तेथे जागा सोडावयाची असते, आणि ती किती हे अनुभव सांगतो.

बारीक आकडा दिसणे आणि माप खरे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विकत मिळते. दुसरी मात्र गुण्या, कॅलिपर आणि एक टाकाऊ तुकडा यांच्या साहाय्याने रोज नव्याने मिळवावी लागते.