८९१.४६च्या पुढे

१९९०च्या दशकात कॉलेजात ग्रंथालयाची ओळख म्हणजे पुस्तकं घरी न्यायचं बी.टी. कार्ड हातात पडणं आणि पुस्तक हरवल्यास दंड किती ते ऐकणं. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला कपाटांपर्यंत जाऊच देत नसत. काउंटरवर मागणीची चिठ्ठी द्यायची, शिपाई आत जायचा आणि बऱ्याचदा रिकाम्या हातानं परत यायचा. पुस्तक कुणी नेलंय, भलत्याच जागी लागलंय की आपणच क्रमांक चुकीचा लिहिलाय, हे कळायला मार्ग नसे. पुष्कळांनी तिथेच नाद सोडून गाईडं घेतली. त्यांना नावं कशी ठेवणार? परीक्षा गाईडावर सुटत होती.

जे टिकले ते कार्डांच्या खणांपाशी शिकले. एकाच पुस्तकाची लेखक, शीर्षक आणि विषय अशी वेगवेगळी कार्डं असत, आणि विषयाच्या खणात एक पुस्तक शोधताना त्याची भावंडंही हाती लागत. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६; पुढे १ लागला की कविता, ३ लागला की कथा-कादंबरी. अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२० आणि मराठी दशांशचिन्हाच्या पलीकडे! १८७६ साली अमेरिकेत बसून जगाच्या ज्ञानाची वाटणी केली की दुसरं काय होणार? तरी हा क्रमांक एकदा डोक्यात बसला की ड्यूई वापरणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयात मराठीचं कपाट कुठे असेल, ते विचारावं लागत नसे.

शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मात्र एम.ए.ला पोचेपर्यंत बहुतेकांच्या कानावरही येत नसे. १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी पुस्तकांची नोंद दोन खंडांत करणारं हे काम. संदर्भ विभागात ते असे. ‘घरी नेता येणार नाही’ या शिक्क्यामुळे मुलं त्याच्या वाटेला जात नसत. एखाद्या विषयावर मराठीत पूर्वी कुणी लिहिलंय का, या प्रश्नाचं उत्तर गुरुजनांच्या आठवणीवर न सोडता स्वतः तपासता येतं, हे दात्यांमुळे कळलं. माझ्या मते संशोधनाचा पहिला धडा तोच.

२००० साली विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं ‘सोल’ हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर आलं आणि हळूहळू कार्डांचे खण अडगळीत गेले. गती वाढली, पण जिथे मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत झाली तिथे नवाच घोळ सुरू झाला. ‘ज्ञानेश्वरी’ला सुरुवातीला जे, डी की जी? नोंद करणाऱ्यानं काय टाइप केलं असेल, याचा अंदाज बांधणं हेही एक कौशल्य होऊन बसलं. २००४ मध्ये गूगल स्कॉलर आलं, पुढे एन-लिस्ट या ई-नियतकालिकांच्या योजनेमुळे छोट्या गावांतल्या कॉलेजांनाही परदेशी नियतकालिकं खुली झाली. ‘शोधगंगे’वर देशभरचे प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. अर्थशास्त्राच्या मुलाचं नशीब एका रात्रीत पालटल्यासारखं झालं.

मराठीच्या मुलाचं तेवढं नाही. शोधगंगेवरचे कितीतरी मराठी प्रबंध नुसते स्कॅन केलेले, नाहीतर युनिकोडपूर्वीच्या फाँटात टाइप केलेले. आतला शब्द शोधायला जावं तर यंत्राला काही सापडत नाही. ‘निकाल शून्य’ म्हणजे ‘साहित्य नाही’ असा अर्थ विद्यार्थी लावतो आणि ‘या विषयावर आजवर काम झालेलं नाही’ असं प्रस्तावनेत बिनदिक्कत लिहून मोकळा होतो. तेच शीर्षक रोमनमध्ये, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, लेखकाच्या आडनावानं शोधून बघ, अनुक्रमणिका उघडून चाळ, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

उचलेगिरीबद्दल मात्र सगळे जागे झाले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये नियम केले, १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालेल असं ठरलं, आणि पुढच्याच वर्षी पीएच.डी.साठी संशोधननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आला. अभ्यासक्रम चांगला आहे. फक्त तो येतो तेव्हा विद्यार्थ्याची पदवी आणि पदव्युत्तर अशी पाच वर्षं सरलेली असतात, आणि तोवर त्यानं किमान डझनभर ‘प्रोजेक्ट’ कुठून कुठून उतरवून सादर केलेले असतात, शेवटी छापील संदर्भसूचीसकट.