दोन रंगांची लोकरीची मनी

स्वेटर विणून उरलेले लोकरीचे गुंडे पेटीत पडून राहतात. आमच्या गटात आम्ही त्यांची मांजर विणतो. एका ओळीत दोन रंग विणायला शिकायचे तर खेळण्यापासूनच सुरुवात करावी, कारण मागचे धागे आत झाकले जातात.

सारख्या जाडीची पांढरी आणि काळी लोकर घ्या, सुया दहा नंबरच्या. वीण घट्ट हवी, नाहीतर टाक्यांमधून कापूस डोकावतो. पांढऱ्या लोकरीचे ४२ टाके घाला. एक ओळ सुलट, एक उलट. काठाचा एकेक टाका पांढराच ठेवा; मधल्या ४० टाक्यांत दोन पांढरे, दोन काळे. उलट ओळीत सुईवर दिसेल तोच रंग विणा. दर दोन ओळींनी रंगांची अदलाबदल केली की चौकडी उमटते. अशा २४ ओळी झाल्या की काळा धागा तोडा आणि डोक्यासाठी १६ ओळी पांढऱ्या विणून टाके बंद करा.

खरी मेख मागून जाणाऱ्या धाग्यात आहे. तो ओढला गेला तर वीण चुणते आणि मांजर आखडलेली दिसते. म्हणून रंग बदलण्याआधी विणलेले टाके उजव्या सुईवर पसरून घ्या, मगच दुसरा धागा घ्या.

आता दोन्ही काठ पाठीवर जोडून शिवा, वरची कड बंद करा. वरचे दोन कोपरे तिरपे शिवले की झाले कान! पॉलिस्टरचा कापूस भरा. तो धुतल्यावर लवकर वाळतो, साध्या कापसाच्या गुठळ्या होतात. तळ शिवा, गळ्याशी दोरा आवळून टोके आत ओवा.

डोळ्यांना मणी किंवा बटण लावू नका. तान्ही बाळे सगळे तोंडात घालतात, आणि सुटलेला मणी घशात अडकला तर जिवावर बेतते. डोळे, नाक, मिशा दोऱ्यानेच भरा.

विकायची असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयात नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा पहिली मनी घरच्या बाळाला द्या, आणि बाजारात जाण्याआधी विणणाऱ्या प्रत्येकीची नोंदणी करून घ्या.