फुटक्या बादलीचे काय होते?

भंगारवाला फुटकी बादली, पायपाचे तुकडे घेतो नि लसूण देतो. हे पुढे कुठे जाते, असे मी गुरुजींना विचारले.

कारखान्यात आधी जात निवडतात. आम्ही शाळेत बघितले, बादलीचा तुकडा तरंगला, नळाच्या पांढऱ्या पायपाचा बुडाला! दोन्ही एकत्र वितळवले तर नीट मिसळत नाहीत, माल ठिसूळ होतो. म्हणून एकाच जातीचे तुकडे धुऊन, वितळवून बारीक दाणे करतात. त्यात नवे दाणे मिसळले की माल मजबूत होतो. सगळे रंग एक होऊन मळकट दिसतात, म्हणून काळा रंग घालतात. आमचे घमेले काळे का, ते आत्ता कळले.

आजी मात्र पायपाचे तुकडे चुलीत घालते. त्यांचा धूर विषारी असतो. मी उरलेले तुकडे माळ्यावर ठेवलेत. भंगारवाला मंगळवारी येतो.